भूल

काही वर्षांपूर्वी कोलकात्यात, शेजारच्या घरातल्या मुलीबरोबर मला रात्री इस्पितळात जावे लागले. तिच्या हाताला जखम होती आणि टाके घालावे लागणार होते. तिचे वडील बरोबर होते. बँकेत नोकरी करणारे, मितभाषी गृहस्थ. इमर्जन्सीच्या टेबलामागे बसलेल्या तरुण डॉक्टरने मान वर न करता विचारले, ‘निजे कोरेछे?’ स्वतःच केले का? वडील घाईघाईने म्हणाले, ‘ना ना, भुल कोरे.’ चुकून झाले. डॉक्टरने एकदा जखमेकडे पाहिले, एकदा वडिलांकडे, आणि रजिस्टरात अपघात म्हणून नोंद केली. खरे काय ते त्याला कळले होते, आणि त्याला कळले आहे हे वडिलांनाही कळले होते. त्या क्षणी मला तो डॉक्टर फार भला माणूस वाटला.

मग टाके घालताना त्याने भूल दिली नाही. मुलगी कळवळली तेव्हा शेजारी ट्रे धरून उभी असलेली सिस्टर म्हणाली, करून घेताना दुखले नाही, आता कसे दुखते? डॉक्टर काही बोलला नाही. त्याने टाके नीट, सारख्या अंतरावर घातले. आम्ही पहाटे घरी आलो.

बंगालीत भुल म्हणजे चूक. मराठीतही भूल म्हणजे चूक, पण मराठी इस्पितळात भूल हा शब्द वेगळ्या अर्थाने येतो. भूल म्हणजे वेदना कळू नये म्हणून दिलेले औषध. त्या रात्री एक भूल कागदावर लिहिली गेली आणि दुसरी द्यायची राहिली. कागदावर त्या मुलीला वाचवणारा आणि हाताने तिला शिक्षा करणारा माणूस एकच होता. त्या एका डॉक्टरबद्दल तक्रार करण्यात मला रस नाही. हे दोन्ही एकाच माणसाकडून कसे होते, याचे उत्तर मला इतिहासात शोधावेसे वाटले. आणि तो इतिहास बराचसा याच शहरात घडलेला आहे.

भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १८३७ साली कोलकात्यात सादर केला. त्यानंतर तेवीस वर्षे फेरफार होत होत १८६० मध्ये इथल्याच विधिमंडळाने ती मंजूर केली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्यातल्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद. यामागे इंग्लंडमधली जुनी धारणा होती : स्वतःचा जीव घेणारा माणूस देवाचा आणि राजाचा अपराधी. अशा माणसाला रस्त्याच्या कडेला पुरण्याची रीत इंग्लंडच्या पार्लमेंटने १८२३ साली बंद केली होती, पण प्रयत्न करून वाचलेला माणूस तिथे पुढेही शंभराहून अधिक वर्षे गुन्हेगारच राहिला. तो गुन्हा इंग्लंडने १९६१ साली रद्द केला. आपल्याकडे कलम तसेच राहिले.

या कलमाखाली प्रत्यक्ष तुरुंगात किती जण गेले, यापेक्षा त्याने इस्पितळाच्या दाराशी काय केले ते अधिक महत्त्वाचे आहे. दारातून आत येणारा प्रत्येक जखमी माणूस हा रुग्ण असतो. कलमामुळे त्यातला एक जण रुग्ण असतानाच आरोपीही झाला. त्याची जखम ही बरी करण्याची गोष्ट होती, तशीच पुराव्याचीही होती.

कलकत्ता मेडिकल कॉलेज १८३५ मध्ये सुरू झाले. या कॉलेजचे पुढे प्राचार्य झालेले नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ मध्ये न्यायवैद्यकावर एक जाडजूड ग्रंथ काढला. या देशात डॉक्टरी करणाऱ्याने जखम कशी वाचावी, विष कसे ओळखावे, खरे-खोटे कसे निवडावे, याचा तो वस्तुपाठ मानला गेला. १९२० साली आलेल्या जयसिंग मोदी यांच्या ग्रंथाने तीच परंपरा पुढे नेली. तो ग्रंथ आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर आहे. या ग्रंथांमध्ये जखमांचे तीन कप्पे असतात : अपघाताची, दुसऱ्याने केलेली, स्वतः केलेली. हे कप्पे न्यायालयासाठी आवश्यकच आहेत. त्यांच्याविना निरपराध माणूस फासावर जाईल. पण त्याचा एक परिणाम असा झाला की स्वतःच्या हाताने झालेली जखम डॉक्टरला प्रथम भेटते ती न्यायवैद्यकाच्या तासाला. ती कशी ओळखायची हे त्याला नीट शिकवले जाते. ओळखल्यावर समोरच्या माणसाशी काय बोलायचे, हा त्या तासाचा विषय नसतो.

म्हणून ‘निजे कोरेछे?’ हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे. तो पोलीस ठाण्यातून इस्पितळात आलेला प्रश्न आहे. कोलकात्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळांच्या आवारात पोलिसांची चौकी असते. मुंबईच्या इस्पितळांतही असते. कागदावर ‘पोलीस केस’ किंवा ‘एमएलसी’ असा शिक्का बसला की हवालदार येतो, जबाब घेतो, पत्ता लिहून घेतो. कायद्याने नेमकी किती सक्ती होती हा वेगळा विषय; शिक्क्याची प्रथा मात्र कायद्याहून बळकट होती. खासगी दवाखाने तर असा रुग्ण दारातूनच सरकारी इस्पितळाकडे पाठवत, कारण शिक्क्याबरोबर साक्षीचे समन्स येते आणि कोर्टाच्या फेऱ्या येतात.

या व्यवस्थेत दयाळू डॉक्टरने काय करायचे? त्याला एकच वाट मोकळी होती : खोटे लिहायचे. चुकून औषध घेतले, चुकून काच लागली, चुकून पाय घसरला. घरचे सांगत, डॉक्टर लिहून घेत. हा ‘चुकून’ आपल्या इस्पितळांतला बहुधा सर्वांत प्रेमळ शब्द असेल. त्याने कितीतरी मुलींची लग्ने, कितीतरी मुलांच्या नोकऱ्या आणि कितीतरी बापांची अब्रू वाचवली. पण त्याची किंमतही होती. चुकून झालेल्या जखमेला मानसोपचाराची गरज नसते. ‘अपघात’ लिहिल्यावर त्याच कागदाखाली मानसोपचार विभागाकडे पाठवण्याची चिठ्ठी कशी लिहिणार? दयाळू डॉक्टर रुग्णाला पोलिसांपासून वाचवून तसाच घरी पाठवत असे. खरे लिहिणारा डॉक्टर त्याला पोलिसांच्या हवाली करत असे. खरेही लिहावे आणि मायेनेही वागावे, अशी सोयच कायद्याने ठेवली नव्हती.

त्याच ‘चुकून’ने दुसरेही काही लपवले आहे, आणि ते मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या भाजलेल्या बायकांच्या वॉर्डांनी किती वर्षे ऐकले! त्या भडक्यामागे कधी खरोखर अपघात असे, कधी बाईने स्वतःच जीव द्यायचे ठरवलेले असे, आणि कधी तिला सासरच्यांनी पेटवलेले असे. तिन्ही वेळा रजिस्टरात शब्द एकच. स्त्री-संघटनांच्या चळवळीनंतर १९८३ मध्ये ४९८अ आणि १९८६ मध्ये ३०४ब ही कलमे आली, ती या ‘चुकून’वर विश्वास ठेवायचा नाही, असे ठरवूनच. तेव्हा ‘हे कुणी केले?’ हा प्रश्न विचारूच नये असे मी म्हणू शकत नाही. तो न विचारल्यामुळे बायका मेल्या आहेत. माझी तक्रार पुढची आहे. उत्तर ‘नवऱ्याने’ असे आले की निदान कुणाला तरी काही करावे लागते. उत्तर ‘स्वतः’ असे आले की सगळ्यांचा त्या माणसातला रस संपतो, आणि उरतो तो राग.

दुसरा प्रश्न विचारता येतो, हेही याच शहराने दाखवले होते, आणि फार लवकर. गिरींद्रशेखर बसू हे मेडिकल कॉलेजातून १९१० साली डॉक्टर झाले. मनाच्या दडपणुकीवर त्यांनी १९२१ मध्ये प्रबंध लिहिला, तो व्हिएन्नाला फ्रॉइडकडे पाठवला, आणि त्यातून दोघांचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १९२२ मध्ये पारशीबागान गल्लीतल्या आपल्या घरी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. १९३३ मध्ये त्यांनी बेलगाछियाच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात मनाच्या आजारांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण इस्पितळातला असा तो आशियातला पहिला विभाग मानला जातो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाच वर्षांनी, १९३८ मध्ये, तशी सोय झाली.

आज हे साधे वाटते, पण तेव्हा मनाच्या रुग्णाची जागा शहराबाहेरचे वेड्यांचे इस्पितळ ही होती. रांचीला नाही तर ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवायचे. गिरींद्रशेखरांनी त्याला खोकला-तापाच्या रुग्णांच्याच आवारात बाकावर जागा दिली. १९४० मध्ये त्यांच्या संस्थेने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय काढले. त्यासाठी तिळजल्याची जागा दिली त्यांचे थोरले बंधू राजशेखर बसू यांनी. हे राजशेखर म्हणजेच ‘परशुराम’ या नावाने लिहिणारे बंगालीतले थोर विनोदकार. त्यांची ‘चिकित्सा-संकट’ नावाची एक कथा आहे. तिच्यातले नंदबाबू ट्राममधून उतरताना पडतात, आणि मित्रांच्या आग्रहाने अ‍ॅलोपाथ, होमिओपाथ, कविराज, हकीम असे करत सगळ्यांकडे जाऊन येतात. प्रत्येक जण त्यांच्यात आपापला रोग शोधून काढतो. वाचताना हसू येते. पण एक भाऊ असे लिहितो आणि दुसरा भाऊ रुग्णाला नुसते बोलू देण्यासाठी दवाखाना उघडतो, हे एकत्र पाहिले की जाणवते, दोघांचे दुखणे एकच होते : वैद्य समोरच्या माणसाचे ऐकत नाही.

तर १९३३ नंतर एकाच आवारात दोन दारे होती. एका दारात ‘कुणी केले?’ असे विचारत, दुसऱ्या दारात ‘काय होते आहे?’ असे. ज्याने स्वतःला इजा केली आहे त्याला पहिल्या दारातून दुसऱ्या दारापर्यंत पोचवायचे, एवढेच काम होते. त्या वाटेत ३०९ वे कलम आणि त्याला चुकवणारा ‘चुकून’ हे दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले.

कलम हलवण्याचे प्रयत्न झाले. ते रद्द करावे, असे विधी आयोगाने १९७१ मध्ये सुचवले. १९७८ चे विधेयक राज्यसभेत मंजूर झाले, पण लोकसभेत येईपर्यंत लोकसभाच विसर्जित झाली. मग एका मराठी माणसाचा खटला आला. मुंबई पोलिसांतला एक हवालदार. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसल्यापासून त्याचे मानसिक स्वास्थ्य बिघडलेले होते. बायकोला भाजीचे दुकान लावायला परवाना हवा होता. १९८५ मध्ये तो महापालिकेच्या कचेरीत गेला, साहेबांची भेट मिळाली नाही, आणि तिथेच त्याने पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. लोकांनी वेळीच धरले. त्याच्यावर ३०९ लागले. ‘मारुती श्रीपती दुबळ विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. निकालातला एक मुद्दा सरळ इस्पितळाशी येऊन भिडतो : मनाच्या आजाराने जो या टोकाला गेला त्याला उपचार हवेत, कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडेल. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कलम रद्द ठरवले. पण १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला आणि कलम परत आले.

त्याच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याबद्दल एक निकाल दिला. १९९२ च्या जुलैमध्ये दक्षिण चोवीस परगण्यातल्या मथुरापूरला एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार. नीलरतन सरकारपासून एसएसकेएमपर्यंत, शहरातली एकामागून एक सरकारी इस्पितळे त्याला रात्रभर फिरवण्यात आली. कुठे खाट नाही, कुठे यंत्र नाही. अखेर खासगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो वाचला. न्यायालयाने सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि सांगितले की तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात हेच न्यायालय म्हणाले होते की आधी उपचार, मग पोलिसांचे सोपस्कार. हा माणूस तर खरोखरच चुकून पडला होता. त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. तरी त्याची ही गत झाली. म्हणून जखमेला स्वतःच कारण असलेल्या माणसाची गोष्ट सांगताना इमर्जन्सीतल्या माणसांना खलनायक करणे मला पटत नाही. खाट कमी, माणसे कमी, आणि ड्यूटी सलग छत्तीस तास. शेजारच्या ट्रॉलीवर जगण्यासाठी धडपडणारा माणूस असतो आणि समोर असा एक, ज्याने आपणहून जखम ओढवून घेतली. राग येतो. तो माणसाचा राग आहे. गिरींद्रशेखरांच्या कारमायकेल कॉलेजचे नाव १९४८ मध्ये आर. जी. कर असे झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच इस्पितळात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, आणि त्यानंतरच्या आंदोलनात एका रात्री जमावाने तिथली इमर्जन्सी फोडली. जिथे काम करणारीच सुरक्षित नाही, तिथे तिने रुग्णाच्या मनाची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा करताना थोडे थांबावेसे वाटते.

पण राग समजणे वेगळे आणि तो सुईतून बाहेर पडू देणे वेगळे. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १९८९ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांनी स्वतःच परिषद भरवली आणि इमर्जन्सीतले अनुभव उघड सांगितले. २००४ मध्ये तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत लिहावे लागले की अशा रुग्णाला इतर कुठल्याही रुग्णाइतकाच आदर आणि एकांत मिळावा, आणि टाके घालताना पुरेशी भूल दिली जावी. असे वाक्य नियमांत लिहावे लागते, याचा अर्थ उघड आहे. पाय मोडलेल्याला भूल द्या, असे कुणाला लिहावे लागत नाही.

आपल्याकडे अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याचे ११५ वे कलम सांगते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि, तसे नव्हते हे सिद्ध झाल्याशिवाय, त्याच्यावर खटला चालवू नये. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागाची चर्चा कमी होते : त्याला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ ला दंडसंहिताच गेली, आणि नव्या न्यायसंहितेत ३०९ उरले नाही. उरले आहे ते २२६ : सरकारी नोकराला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी असा प्रयत्न केला तर तो गुन्हा. महापालिकेच्या कचेरीतला तो हवालदार आज असता तर कदाचित याच कलमात सापडला असता.

राहिली भाषा. जी जखम मरण्यासाठी केलेली नसते, असह्य झालेल्या मनाला क्षणभर थांबवण्यासाठी केलेली असते, ती तर ३०९ मध्येही कधी बसत नव्हती, कारण तिथे मरण्याचा हेतू लागतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ मध्येच लिहिले होते की अशी इजा हा पुष्कळदा मरण टाळण्याचा मार्ग असतो. पण इस्पितळाच्या रजिस्टरात तिचा रकाना नाही, आणि मराठीत तिला रुळलेला शब्द नाही. आत्महत्या आहे, आत्मघात आहे, जीव देणे आहे. या जखमेसाठी ‘स्वतःला इजा करून घेणे’ असे लांबलचक बोलावे लागते. रकाना नसला की माणूस जवळच्या रकान्यात ढकलला जातो : एक तर आत्महत्या, नाही तर नाटक. सिस्टरचे ते वाक्य या दोहोंच्या मधल्या फटीतून आलेले होते.

ती मुलगी आता नोकरी करते. परवा चहा पिताना तिने मला विचारले, ‘काकिमा, त्या रात्री बाबा हो म्हणाले असते तर काय झाले असते?’ मी म्हटले, पोलीस आले असते, तुझा जबाब झाला असता. ‘आणि आज?’ आज पोलीस खटला भरणार नाहीत, हे मी तिला खात्रीने सांगू शकले. कदाचित कुणी तुला मानसोपचार विभागात घेऊन जाईल, असेही म्हणाले. टाके घालताना भूल देतील का, हे तिने विचारले नाही. विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते.